१८ इंची लोखंडी कूलर, दुकानात बसून बनवून घेतलेला: अख्खा उन्हाळा वापरल्यावर लिहितोय

दुकानाचं नाव टाकत नाही, आधीच सांगतो. कौतुक भरपूर करायचंय पण एका गोष्टीवरून चार शब्द सुनवायचेही आहेत, आणि ते दुकान चालवणाऱ्या चाचाशी माझं अजून येणंजाणं आहे. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरूडकडे मार्च लागला की रस्त्याच्या कडेला पत्रा कापायचा न ठोकायचा आवाज सुरू होतो, तशातलंच एक दुकान समजा. मागच्या मार्चमध्ये तिथून १८ इंची फॅनचा लोखंडी कूलर बनवून घेतला, स्टँडसकट ७,८०० रुपये. जूनपर्यंत रोज दहा-बारा तास चालवला, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापाचे नऊ दिवस) पूर्ण काढला, लाइन गेली तेव्हा इन्व्हर्टरवर पण चालवून पाहिला, आता धुऊन-पुसून गोणपाट बांधून ठेवलाय. एवढं वापरल्यावर बोलायला हरकत नसावी.

थोडं माझ्याबद्दल, कारण पुढे आकडे येणार आहेत आणि कोणीतरी विचारणारच की तू कोण टिकोजीराव. मी मेकॅनिकलवाला. एमटेक थर्मलमध्ये केलं. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे की आपल्याकडे थर्मलच्या कितीतरी पोरांचा प्रोजेक्ट एकच असतो, पाइपात पिरगाळलेली पट्टी घालायची, आतून हवा सोडायची, बाहेरून हीटर लावायचा आणि नसेल्ट नंबर (हवा भिंतीवरून किती जोरात उष्णता उचलते त्याचा आकडा) किती वाढला ते मोजत बसायचं. ट्विस्टेड टेप. पट्टीमुळे हवा गरगरत जाते, पाइपाच्या भिंतीला चिकटून बसलेला सुस्त थर ढवळून निघतो आणि उष्णता जास्त उचलली जाते, पण तेवढंच घर्षण वाढतं आणि ब्लोअरला जास्त जोर लावावा लागतो. मिळालं किती आणि त्यापायी गेलं किती, दोन वर्षं याचाच हिशोब केला. मग थोडी नोकरी, मग संत्र्याचा बगीचा पाहायला परत गावात. बाबा अजून मधूनमधून विचारतात, "काबे, त्या पट्टीचं काय झालं मंग?" काही झालं नाही बाबा, कूलर घेताना कामी आली.

त्याच्या आदल्या वर्षी अमरावतीहून प्लास्टिकचा रेडिमेड कूलर आणला होता, साडेअकरा हजाराचा, रिमोटवाला. कंपनीचं नाव सोडा. दिसायला एकदम नवरदेव. मागून एकच हनीकोमची, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी, जाळी, तीही दीड इंच जाडीची, आणि पुढून वारा असा जोरात की कॅलेंडर भिंतीवरून खाली यायचं. पण एप्रिलच्या दुपारी तो वारा गरमच. आई म्हणे "हा तं पंखाच हाय, पाणी पेणारा पंखा." बाबांचं वेगळंच, एवढ्या पैशात विहिरीवरची मोटर भरून झाली असती.

म्हणून मागच्या मार्चमध्ये चाचाकडे गेलो. चाचाचं शिक्षण किती ते मला माहीत नाही, पण त्याने पहिलाच प्रश्न जो विचारला तो माझ्या व्हायव्हात विचारला असता तर मी तंतरलो असतो. म्हणे, "भाऊ, तुमाले हवा पायजे का थंडी पायजे?"

मी म्हटलं दोन्ही.

"मंग तीन बाजूनं ताट्या लागन. एका बाजूच्या ताटीत थंडी बनत नाई, नुसती हवा बनते."

ताटी म्हणजे कूलरच्या बाजूला बसणारी, गवत भरलेली जाळीची चौकट. आता हे वाक्य नीट समजून घ्या कारण कूलरची अख्खी खरेदी यातच आहे. कूलरमध्ये थंडी तयार करणारं काहीच नसतं. ओल्या गवतातून गरम कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते, वाफ व्हायला लागणारी उष्णता त्याच हवेतून घेतली जाते, हवा थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल लागतात, माठाचं पाणी थंड होतं त्याच हिशोबाने. म्हणजे हवा न ओलं गवत यांची गाठ किती जागेवर पडते आणि किती वेळ पडते, एवढाच खेळ. माझ्या कूलरला ३० बाय ३० इंचाच्या तीन ताट्या आहेत, मिळून पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास. १८ इंची फॅन सेकंदाला अंदाजे ०.८ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे ताटीतून हवा सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षाही हळू जाते. दोन इंच जाडीच्या गवतातून जायला तिला सेकंदाचा दहावा भाग मिळतो. त्या प्लास्टिकवाल्यात जाळी एकच आणि लहान, तिथे हवा जवळपास चौपट वेगाने घुसते आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पार. भेट झाली नाही तोच निरोप.

कोणी म्हणेल वेग वाढला तर उष्णता पण जास्त जोरात ओढली जाते ना, तूच पट्टी घालून तेच केलं होतंस. बरोबर आहे, वाढते. पण वेग दुप्पट केला तर उष्णता जायचा दर दुप्पट नाही होत, प्रवाह कसा आहे त्यावर दीडपट ते पावणेदोन पट होतो. आणि थंड करायची हवा मात्र पुरी दुप्पट येऊन उभी राहते. लग्नात वाढपी पावणेदोन पट केले आणि पाहुणे दुप्पट आले तर पंगतीचं जे होतं तेच. म्हणून दुकानदार जेव्हा सांगतो ना की भाऊ हवा पहा हवा, तेव्हा हवा पाहू नका, ताटी पाहा.

मोजलं मी. मला सवय आहे, घरचे सहन करतात. बाजारात मिळणारे साधे दोन थर्मामीटर घेतले, एकाच्या टोकाला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, चिंधीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत, आणि दोघं सावलीत पंख्यासमोर टांगले. कोरडा जे दाखवतो ते आपलं नेहमीचं तापमान, आणि ओल्या चिंधीवाला जिथे येऊन थांबतो त्याला वेट बल्ब म्हणायचं. चिंधीतून पाणी उडून जेवढं थंड होऊ शकतं तेवढं झालेलं असतं, त्याच्या खाली कुठलाच असा कूलर जाऊ शकत नाही, मग तो साडेसात हजाराचा असो का पन्नास हजाराचा. सावली मात्र पक्की पाहिजे. थर्मामीटरवर भरवसा ठेवायच्या आधी तो कसा लावलाय ते पाहायचं, नागपूरला ३० मे २०२४ ला ५६ डिग्री दाखवलं होतं न देशभर बोंब झाली होती, निघालं काय तर सेन्सरच बिघडलेला.

मे महिन्यातली एक दुपार, अडीच वाजता, बाहेर ४५. चिंधीवाला २४. कूलरच्या तोंडाशी ३०. म्हणजे खाली यायला जागा होती २१ डिग्रीची, त्यातले १५ उतरले, शंभरात एकाहत्तर. त्याच दुपारी तो प्लास्टिकवाला काढून त्याच खिडकीपाशी लावला, पाणी भरून अर्धा तास चालू दिला, तोंडाशी ३५. दहाच उतरले. माझ्या मनात जेवढं होतं त्यापेक्षा फरक जास्तच निघाला, आणि सांगायला वाईट वाटतं पण थोडा आनंदही झाला, साडेअकरा हजार आपलेच गेले असले तरी.

आता गवताबद्दल. ताट्यांत तीन पर्याय मिळतात, साधं लाकडाचं गवत म्हणजे वूडवूल, वाळा, आणि हनीकोम. चाचा सांगतो गवतच घ्या, कारण विचारलं तर म्हणे "सस्ता हाय न काम करते". माझ्याकडे जरा लांबचं कारण आहे. हवा कुठल्याही पृष्ठभागावरून घसरत गेली की त्याला लागून एक संथ थर तयार होतो, प्रांट्ल नावाच्या जर्मन माणसाने १९०४ मध्ये हे मांडलं, आणि पुढे जावं तसा तो थर जाड होत जातो. जाड थर म्हणजे गोधडी, उष्णता जायला अडचण. गवताच्या ताटीत मात्र हवेला एक काडी लागते, थर बनायला लागतो न लागतो तोच ती काडी संपते, पुढे दुसरी काडी वेगळ्याच दिशेने आडवी. दर काडीवर थर पहिल्यापासून सुरू, म्हणजे कायम पातळ. मी दोन वर्षं पट्टी पिरगाळून जे करत होतो ते या कचऱ्यासारख्या दिसणाऱ्या गवतात आपोआप होतं, तेही अडीचशे रुपयांत. हनीकोम वाईट नाही बरं का, चांगल्या जाडीचा घेतला तर गवतापेक्षा जास्त वर्षं टिकतो, दबत नाही, पण दीड इंचाचा घेण्यात काही अर्थ नाही आणि चार इंचाचा घेतला तर चाचाचा साधा पात्याचा फॅन त्यातून हवा ओढताना धापा टाकतो. वाळ्याचा वास सुंदर. पहिले आठ दिवस घरात शिरलं की आजीच्या घरी आल्यासारखं वाटतं. नंतर आपल्या बोअरच्या क्षारांनी तो पण गवतासारखाच पांढरा पडतो, म्हणून मी एका ताटीत वाळा आणि दोन ताट्यांत गवत असं केलं, हौस म्हणून, त्याला काही शास्त्र नाही.

पाण्याचं सांगितलंच पाहिजे कारण आमच्या भागात हाच खरा प्रश्न आहे. टाकीच्या आतून मार्करने खुणा केल्या होत्या. त्या ४५ डिग्रीच्या दुपारी एका तासात १९ लिटर गेलं. कागदावर काढलं होतं तेव्हा २० आलं होतं, म्हणजे गणित जमलं. सकाळ-रात्र कमी लागतं पण दिवसाचे २०० लिटर धरून चाला. बाबांनी लगेच हिशोब लावला की हे तर एका मोठ्या संत्र्याच्या झाडाचं पाणी झालं. वरूड-मोर्शीत भूजलाची काय हालत आहे ते कोणाला सांगायची गरज नाही, बोअर कुठवर गेल्यात ते आपण पाहतोच. ज्या गावात टँकर येतो तिथल्या माणसाला मी हा कूलर घे म्हणताना दहा वेळा विचार करीन, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही.

त्याच पाण्यावरून अजून दोन गोष्टी, कारण दर उन्हाळ्यात यावरून घरात वाद. एक म्हणजे गच्चीवरच्या टाकीचं पाणी गरम असतं ते कूलरमध्ये टाकायचं का नाही. टाका बिनधास्त. तासाला २० लिटर ४५ डिग्रीचं पाणी घातलं तर ते २४ वर आणायला जी उष्णता काढावी लागते ती कूलर तासाभरात जेवढी काढतो त्याच्या शेकडा चार पण नाही. पहिल्यांदा अख्खी टाकी भरता तेव्हा दहा-पंधरा मिनिटं दम धरा, बास. दुसरं म्हणजे बर्फ. आमच्या शेजारचे काका रोज दुपारी बर्फाची लादी आणून कूलरमध्ये टाकतात आणि समोर बाज टाकून राजासारखे पडतात. पाच किलो बर्फ वितळून वर त्याचं पाणी गरम होईपर्यंत जेवढी उष्णता घेतो, तेवढी हा कूलर चालता चालता अडीच मिनिटांत काढतो. अडीच मिनिटं! काकांना सांगितलं तर म्हणे "तुयं गणित तुयापाशी ठेव, मले गार लागते." लागत असेल बुवा. लागण्यावर माझ्याकडे सूत्र नाही.

उष्णतेचा आकडा पण ऐकून घ्या कारण याच्यावरून फसवतात. सेकंदाला ०.८ घनमीटर हवा १५ डिग्रीने उतरवणं म्हणजे साधारण १४ किलोवॅट. चार टनाच्या एसीएवढं! ऐकायला भारी, आणि एक दुकानवाला मला खरंच म्हणाला होता की आमचा कूलर चार टनाचं काम करतो. पण खोलीत ती ३० ची हवा येते आणि स्लॅबची, भिंतीची, माणसांची उष्णता घेऊन ३३ ची होऊन बाहेर जाते. खोलीच्या कामी आले ते तीन डिग्री, म्हणजे पावणेतीन किलोवॅटच्या आसपास. बाकीची सगळी मेहनत बाहेरची ४५ ची हवा आत आणण्यालायक करण्यातच गेली. तरी वीज किती तर फुल स्पीडला पंखा आणि टुल्लू (ताट्यांवर पाणी चढवणारा छोटा पंप) मिळून २१० वॅट, मीटर लावून पाहिलं. बारा तासांचे अडीच युनिट. यात तक्रार करायला जागा नाही.

आता घरातलं मुख्य भांडण, खिडकी. कूलर पश्चिमेच्या खिडकीत बाहेरून बसवलाय. बाबांचं लहानपणापासूनचं ठाम मत की दुपारी दारं-खिडक्या गच्च लावायच्या, नाहीतर झाव येते. कूलर नसेल तर शंभर टक्के बरोबर. पण कूलर खोलीत मिनिटाला जवळपास खोलीभर हवा ढकलतो, ती जाणार कुठे? मी समोरची खिडकी उघडायचो, पाणी प्यायला गेलो की बाबा बंद करायचे, मी उघडायचो, ते बंद करायचे, असा आठवडा गेला. शेवटी उदबत्ती लावली. तसाही उदबत्तीचा धूर पाहायला मला आवडतो, आधी सरळ रेघेसारखा वर चढतो आणि मग एका उंचीवर अचानक विस्कटतो, रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंग सोडून जे दाखवलं त्याच जातीचा खेळ देवघरात रोज चालतो. तर समोरची खिडकी उघडी असताना धूर कूलरकडून सरळ खिडकीकडे ओढला गेला. बंद केली तर धूर खोलीत घुटमळला आणि थोडा तर चक्क कूलरच्या कडेच्या फटीतून उलटा बाहेर जायला लागला. साध्या पात्याच्या फॅनला समोरून दाब आला की तो पात्याच्या टोकापासून हवा परत फेकतो, त्याचा जीव तेवढाच. पॉलिटेक्निकवर शिकवणाऱ्या मित्राकडून हवा मोजायचं यंत्र आणलं होतं, बंद खोलीत तोंडाशी वेग सेकंदाला ५ मीटरवरून ३ वर आला. वारा कमी, घाम वाळत नाही, मग म्हणतात कूलरने चिकचिक होते. माझ्या १२ बाय १५ च्या खोलीला साधारण ५ चौरस फूट उघडं लागतं, म्हणजे अर्धी खिडकी. बाबांनी उदबत्ती नीट पाहिली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खिडकी अर्धी उघडी, पण तिच्यावर बाहेरून ओलं गोणपाट टांगलेलं. तडजोड म्हणायची.

कूलरला सावली मी नंतर केली, वरून तुराट्यांचा छोटा मांडव. पश्चिमेचं ऊन सरळ पत्र्यावर आणि टाकीवर पडायचं, हात लावला तर चटका. मांडव केल्यावर तोंडाशी एखाद-अर्धा डिग्रीचा फरक पडला असेल, मोठा नाही, पण टाकीत शेवाळ कमी धरलं आणि रंग टिकला.

आता सुनवायचं ते. चाचाने कूलरला दोन पिनांची वायर लावून दिली. अर्थिंगच नाही! लोखंडाचं खोकं, आत पाणी, ओला हात, ओली फरशी, आणि दोन पिना. मी म्हटलं चाचा हे काय, तर म्हणे "सगळे असेच नेतात भाऊ, तीन पिनवालीचे वेगळे पैसे." वेगळे पैसे म्हणजे किती, तर ऐंशी-नव्वद रुपये. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटने माणसं जातात, पेपरात एका कोपऱ्यात बातमी येते, बहुतेक वेळा पाणी भरताना नाहीतर लहान पोरगं खेळता खेळता चिकटलेलं. ७,८०० च्या वस्तूत नव्वद रुपयांसाठी हे करणं मला अजूनही पटलेलं नाही आणि मी त्याला तसं तोंडावर बोललो. घरी आणून पहिल्या दिवशीच तीन पिनांची वायर टाकली, पत्र्याला बोल्ट मारून अर्थ जोडला, घराचं अर्थिंग खरंच जमिनीत जातं का ते वायरमनकडून पाहून घेतलं (जात नव्हतं, खड्डा नव्याने केला), आणि लाइनवर ईएलसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) बसवली. आणि तरीही पाणी भरताना प्लग काढूनच. यात आळस करू नका, बाकी सगळा रिव्ह्यू विसरलात तरी चालेल.

दुसरी तक्रार पाण्याच्या वाटपाची. वरून टुल्लूचं पाणी तीन ताट्यांवर पन्हाळ्यांतून पडतं, त्या पन्हाळ्यांना चाचाने खिळ्याने भोकं पाडलेली, कुठे मोठी कुठे बारीक, आणि पन्हाळा एका बाजूला कललेला. परिणाम असा की मधल्या ताटीचा उजवा कोपरा कोरडाच राहायचा. कोरडा कोपरा म्हणजे नुसती जागा वाया गेली असं नाही, हवेला जिथे अडथळा कमी तिथूनच ती जास्त जाते, आणि सुकं गवत ओल्यापेक्षा मोकळं. म्हणजे ४५ ची हवा फुकटात आत. हात फिरवला की कळतं, तेवढीच जागा गरम. मी पन्हाळा सरळ केला, भोकं सारखी केली, तळाशी टुल्लूला जुन्या मोज्याची जाळी बांधली. त्याआधी तोंडाशी ३२ यायचं, वर जे ३० लिहिलंय ते यानंतरचं. म्हणजे हे दुकानातून आल्या आल्या मिळत नाही, स्वतः अर्धा दिवस घालवावा लागतो.

टाकीला उतार नाही, ही पण कटकट. पाणी उडून जातं पण क्षार टाकीतच राहतात, पाणी दिवसेंदिवस जाड होत जातं, मग ताट्यांवर पांढरी पापडी धरते. दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायला हवी (डेंग्यूच्या डासांसाठी पण), पण तळ सपाट असल्याने दोन बोटं पाणी राहतंच, ते फडक्याने टिपून काढा. आईचं काम वाढलं, तिने मला दिलं.

आवाज आहे. खोटं बोलणार नाही. फुलवर टीव्ही ऐकू येत नाही, रात्री स्लोवर चालतो. फॅनच्या कामात वेग निम्मा केला की पात्याला लागणारी ताकद आठव्या भागावर यायला पाहिजे, पण या साध्या रेग्युलेटरमध्ये आणि मोटरमध्ये बरंच वाया जातं, माझ्या मीटरवर फॅनचे १९० वरून १२० वॅट एवढेच उतरले. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर येतं तेव्हा मोटरचा जोर २३० च्या मानाने साठ टक्क्यांवर येतो आणि फॅन सुरू व्हायलाच कुंथतो. एकदा तर काठीने पातं फिरवून द्यावं लागलं. मोटरचा कंडेन्सर (कपॅसिटर) बदलला, साठ रुपये, तेव्हापासून बरं आहे. मोटर मात्र तांब्याची निघाली, उघडून पाहिली, चाचा तिथे खोटं बोलला नव्हता.

आणि मृग लागला की संपलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन सरी पडल्या, बाहेर ३८, चिंधीवाला थर्मामीटर ३० वर. उतरायला जागाच आठ डिग्रीची, त्यातले कूलर पाच-साडेपाच उतरवणार. तोंडाशी साडेबत्तीस-तेहतीस आणि हवा दमट. गिऱ्हाईकं दुकानात येऊन भांडतात म्हणे की कूलर बिघडला. बिघडत नाही हो, हवेनेच पाणी प्यायलेलं असतं. तेव्हा टुल्लू बंद करायचा आणि नुसता पंखा म्हणून वापरायचा, तसं आईने आधीच्या कूलरला नाव दिलंच होतं.

पाचातले किती द्यायचे तर चार देतो. त्या दोन पिना नसत्या तर साडेचार दिले असते. पाणी बऱ्यापैकी आहे, खोली हवेशीर आहे आणि स्वतः पाना-पकड हातात घ्यायची तयारी आहे अशाने घ्यावा. फ्लॅटवाल्यांनी, जिथे कूलर खोलीच्या आतच ठेवावा लागतो तिथे, घेऊ नये, तीच दमट हवा गोल गोल फिरेल.

यावर्षीसाठी चाचाला म्हटलंय की टाकीला उतार काढून खाली बूच दे आणि पन्हाळ्याला ड्रिलने भोकं पाड, तो म्हणे "चित्र काढून आना भाऊ, बनवून देतो." चित्र नेऊन दिलंय, त्याने ते भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलंय. तीन ताट्यांचं गवत भरायचे अडीचशे घेतो, भरून घ्यायचं असेल तर फेब्रुवारीतच जा, होळीनंतर त्याच्याकडे आठ-आठ दिवस नंबर लागत नाही.